पालथा हात

ता. ४ जून

तळहात! चादरीवर तळहात ठेवलास, आणि तोही पेपरातल्या फोटोत! चिमणे, हॉटेलात पलंग लावणारी बाई चादरीवरून तळहात फिरवत नाही, पालथा हात फिरवते. तळव्याचा घाम पांढऱ्या कापडावर उठतो. पहिल्याच दिवशी मुकादमीणबाईनं माझ्या हातावर पट्टी मारून हे शिकवलं होतं. तुला कोण मारणार? तू तिथं पाऊलही टाकलं नव्हतंस.

हं, आता रीत. चि. धाकटीस अक्काचे अ. उ. आ. इकडे सगळे ठीक.

बातमी सूनबाईनं वाचून दाखवली. तुझ्या नातवानं, आपल्या ढब्बूनं, सातवं हॉटेल विकत घेतलं. आणि कुठलं, तर टेकडीवरचं, माझं! का घेतलं, तर म्हणे त्याची आजी तिथं बावीस वर्षं पलंग लावत होती. सूनबाई म्हणाली, आई, तिथं तर तुम्ही होतात ना? मी म्हटलं, चष्मा पूस आणि परत वाच. परत तेच निघालं.

त्याची हॉटेलं, त्याचे समुद्राकाठचे बंगले, यावर मी कधी जळले नाही. खोटं कशाला बोलू, जळले. तुझ्या संगमरवरी न्हाणीघराचं ऐकून दोन दिवस घास गोड लागला नाही. पण ते तुझं नशीब. हे माझे गुडघे आहेत, पलंगापाशी वाकून वाकून झिजलेले. तेही तू नावावर करून घेतलेस?

लोभ ठेवायचा की नाही, ते तुझं उत्तर वाचून ठरवीन.

तुझी अक्का

ता. ११ जून

ती. अक्कास चिमणीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ढब्बूच्या हाती लागू नये म्हणून उशीच्या अभ्र्यात लपवलंय. डोकं टेकलं की टोचतं.

चूक माझीच. लहानपणी तो जेवायचा नाही, म्हणून गोष्टी सांगायचे. माझ्याकडे कुठली गोष्ट असणार? घर, चूल, दार. त्याच्याही आधी, आपण शेजारी राहायचो तेव्हा, तू संध्याकाळी कामावरून यायचीस ती अंगाला इस्त्रीचा वास घेऊन, आणि खोल्याखोल्यांतल्या गमती सांगत. मी इतकी जळायचे, की तुझा वाळत घातलेला एप्रन चढवून आरशापुढे उभी राहायचे. मग एकदा गोष्टीत अक्काच्या जागी स्वतःला घातलं. ढब्बूनं डोळे मोठे केले आणि घास गिळला. पुढे मागे फिरता आलं नाही.

आता पंचाईत अशी, की दोन जुलैला उद्घाटन आहे आणि पाहुण्यांसमोर पहिला पलंग मी लावायचा, असं त्यानं ठरवलंय. तेवढी रीत लिहून पाठव. काय वाटेल ते बोल, पण मला त्याच्या मनातून उतरू देऊ नकोस.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी चिमणी

ता. १७ जून

लबाडे, अ. उ. आ.

तुझं वाचून मी आधी एक उलटं पत्र लिहिलं. कोपरा असा दुमडायला सांगितला, की पाहुण्यांसमोर अख्खी चादर तुझ्या हातात यावी. पाकीट चिकटवलंसुद्धा. मग तो एप्रन आठवला. वाळत घातलेला रोज चुरगळलेला सापडायचा आणि मी वाऱ्याला शिव्या घालायचे! तू माझ्यावर जळत होतीस? गुडघे दुखणाऱ्या बाईवर? हसता हसता पाकीट फाडलं.

खरी रीत ही. आधी पायथा, मग उशाकडची बाजू. कोपरा उचलून गादीवर तिरका टाकायचा, लोंबतं टोक आत खोचायचं, मग वरचं खाली ओढून घट्ट बसवायचं. उशीचं उघडं तोंड दाराकडे नको. पण पत्रानं हात शिकत नसतात. मला दीड वर्ष लागलं होतं.

तेव्हा मीच येते. पलंग मी लावीन, तू अभ्रे घाल. त्यांत वस्तू कोंबायला तुला जमतंच. मात्र मी यायच्या आत ढब्बूला सगळं सांग, तुझ्या तोंडानं. तो तुला काही वाकडं बोलला, तर कान धरीन. हॉटेलं सात असली तरी कान दोनच आहेत.

लोभ होता तिथंच आहे, त्यानं जागा सोडलेली नाही. तुझ्या अक्षरात बोलावणं आलं तर न फोडता परत करीन. उत्तर ढब्बूनं लिहायचं, स्वतःच्या हातानं, आणि वरती मायना घालायचा: पलंग लावणाऱ्या आजीस.

अक्का