व्हीपीनं आलेली झाडं

अण्णा, काल मी त्या गावाला जाऊन आले. भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं ते गाव, जिथं तुम्ही मला एकदा सोबत चल म्हणाला होतात आणि मी आले नव्हते. आल्यापासून पाय दुखतायत, डोकं जड आहे. आज सकाळी सहाच्या बॅचला उभं राहून शिकवणं झालं नाही, खुर्चीवर बसूनच शिकवलं. हल्ली मी लवकर थकते. लातुरात क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवता शिकवता केस पांढरे झाले; मुलं बदलतात, प्रश्न तेच राहतात. तुम्ही होतात तेव्हा आमच्या गल्लीत दोनच क्लास होते, आता प्रत्येक मजल्यावर एक पाटी आहे. पण हे सांगायचं नव्हतं. झाडांचं सांगायचं होतं.

मी बारावीसाठी आत्याकडे लातूरला जायच्या आधीचा आठवडा होता तो. औशाच्या पुढं त्या बाजारगावात तुम्ही पोस्टमास्तर. पुढच्या खोलीत पोस्ट, मागं आपलं घर. पावसाळ्यात रोपवाटिकांची पार्सलं यायची. बांबूची करंडी, वरून शिवलेलं गोणपाट, आत ओल्या शेवाळात गुंडाळलेली कलमं. लोक छापील यादीतली चित्रं बघून पत्र टाकायचे आणि पार्सल आलं की पोस्टात पैसे भरून सोडवून न्यायचे. व्हीपी म्हणायचे त्याला. खेड्यातला माणूस बाजाराच्या दिवशीच यायचा, तोवर करंडी चार-पाच दिवस कोपऱ्यात पडून. तुम्ही तांब्या घेऊन त्यावर पाणी शिंपडायचा. आई आतून म्हणायची, "आता सरकारी टपालाला बी पाणी घालून राहिले!" आणि तुम्ही अगदी गंभीरपणे सांगायचा, "बाहेरूनच घालतो. आत हात लावत न्हाई." खरंच लावायचा नाही. दुसऱ्याच्या नावाचं पोस्टकार्डसुद्धा तुम्ही उलटं ठेवायचा, नजर पडू नये म्हणून.

त्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी शिलाईवाले चाचा आले. शेजारच्या खेड्यात त्यांचं मशीन होतं, सगळ्या गावाचे कुडते-पायजमे तेच शिवायचे. कुणाच्या तरी लग्नात लातूरला चिकू खाल्ला होता आणि तेव्हापासून तो डोक्यात बसला होता. उर्दू तेवढं वाचता यायचं, म्हणून मराठी फॉर्म तुमच्याकडून भरून घ्यायला आले. दोन चिकू, एक लिंबू, एक केशर आंबा. मग जरा थांबून, लाजत, "आन् एक गुलाब लिवा मास्तर. घरच्यांनी सांगितलंय." तुम्ही विचारलं, फळं यायला चार-पाच वर्षं लागतात, चालेल ना? ते हसले. "मला कुठं जायचंय?" मी दारात उभी राहून ऐकत होते. पुढं रोपवाटिकेचं कार्ड आलं की पाऊस जरा कमी झाला की माल पाठवू.

माल निघाला आणि भूकंप झाला. आपल्या घराच्या भिंतीला तडा गेला तेवढाच. चाचांचं खेडं मात्र एका पहाटेत दगडमातीचा ढीग झालं. लातुरात आत्याचं अख्खं घर अंगणात झोपत होतं आणि मी कंदिलापाशी बसून धडे पाठ करत होते, कारण क्लासच्या सरांनी सांगितलं होतं की परीक्षा काही पुढं जाणार नाही. मला त्या दिवसांत माणसांपेक्षा टक्क्यांची भीती जास्त वाटत होती. हे आता लिहितानाही बरं वाटत नाही.

पुढचं मला आईनं सांगितलं. आठ-दहा दिवसांनी टपालाची थैली आली, तिच्याबरोबर ती करंडी. तुम्ही चौकशी केली. चाचा आणि त्यांचा थोरला मुलगा गेले होते, चाची वाचल्या होत्या आणि पत्र्याच्या शेडमध्ये राहत होत्या. नियम साधा होता: पत्तेदार मयत असा शेरा मारायचा आणि पार्सल परत पाठवायचं. तुम्ही लेखणी घेऊन बसलात, आई म्हणाली, आणि शेरा न मारताच उठलात. मग सायकल काढून शेडवर गेलात. चाची म्हणाल्या, "झाडं कुठं लावू मास्तर? पाय पसरायला जागा न्हाई." त्यांनी करंडी घेतली नाही आणि परत करा असंही म्हटलं नाही. तुम्ही घरी आलात, पैसे स्वतः भरलेत, पावतीवर स्वतःच सही केलीत आणि विळीनं ते गोणपाट उसवलंत.

दिवाळीत मी घरी आले तर मागच्या अंगणात डालड्याचे पाच डबे ओळीनं मांडलेले. बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं, वर आधाराला तुरीच्या काड्या. त्याच सुट्टीत चौकशी आली. कुणी अर्ज केला ते कळलं नाही. आलेले साहेब भले होते, आईनं दिलेला चहा पिऊन म्हणाले, "मास्तर, लिहून द्या, घाईगडबडीत चूक झाली. मी बघतो काय ते." तुम्ही लिहून दिलंत, पण घाईगडबड हा शब्द काही लिहिला नाहीत. समजून उमजून पार्सल सोडवलं, असं लिहिलंत. एक वेतनवाढ थांबली आणि वर्ष संपायच्या आत नांदेडजवळच्या मुदखेडची बदली आली.

बदलीचं कळल्यावर मी घरी येऊन बोलले ते तुम्हाला आठवत असेल. मला तर शब्दन् शब्द आठवतो. तुम्ही डब्यातली माती हलवत होतात, मी मागं उभी होते. "मेलेल्या माणसाच्या झाडांपायी जिवंत माणसांचं वाटोळं करून ठेवलंत तुम्ही. माझ्या परीक्षेच्या तोंडावर." आई मला गप्प करायला धावली. तुम्ही वर बघितलंसुद्धा नाही. "झाडं मेली न्हाईत ना अजून," एवढंच म्हणालात, आणि माती हलवत राहिलात. मला वाटलं होतं तुम्ही चिडाल. चिडला असतात तर मी रडून मोकळी झाले असते.

त्या वर्षी माझे टक्के घसरले, मेडिकल हुकलं. ते तुमच्यामुळं नव्हतं. मला भौतिकशास्त्र जमायचं नाही, साधी गोष्ट. पण तुमच्या बदलीचं निमित्त हाताशी होतं आणि मी ते बरीच वर्षं वापरलं. मुदखेडला मी सणावारालाच यायचे. स्टेशनापलीकडच्या त्या खोल्यांत नळाला दिवसाआड पाणी, आणि तुम्ही भांडी विसळलेलं पाणी बादलीत साठवून त्या डब्यांना घालायचा. आंबा पहिल्या उन्हाळ्यातच गेला. बाकीचे तगले. एकदा तुम्ही म्हणालात, "एवढं पाणी घाल गं बाळ, माझी कंबर धरलीय." मी पुस्तकातून मान न काढता हो म्हटलं आणि विसरले. संध्याकाळी तुम्हीच उठून घातलंत.

मग चाचींना घर मिळाल्याचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. घराला लागून थोडी मोकळी जागा आहे, असं त्यात होतं. तुम्ही रजा काढून एसटीनं निघालात. मी लातुरात बी.एस्सी. करत होते. स्टँडवर भेटायला आले तर तुम्ही फलाटावर उभे, दोन्ही बाजूंना पोत्यात बांधलेले डबे, धोतराला चिखल. नांदेडपासूनचा कंडक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होता, "मास्तर, ह्या चौघांची बी तिकिटं काढायला पायजे होती बघा!" लोक हसत होते, तुम्हीही हसत होतात. माझ्या वर्गातल्या दोन मुली पलीकडं उभ्या होत्या. तुम्ही म्हणालात, "चल, दोघं जाऊ. संध्याकाळपर्यंत माघारी येऊ. लिंबाचा डबा तू धर." मी म्हणाले, प्रॅक्टिकल आहे. प्रॅक्टिकल नव्हतं, अण्णा. तुम्हाला चहा पाजला, पुढच्या गाडीत डबे चढवायलासुद्धा थांबले नाही. तुम्ही परत कधी आलात, तिथं काय झालं, मी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत. पुढं तुम्ही निवृत्त होऊन नांदेडला राहायला गेलात आणि एका दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. विचारायचं राहिलं.

ह्या वर्षी क्लासला एक मुलगी आली. प्रवेशाच्या फॉर्मवर त्या नव्या गावाचं नाव होतं. तास संपल्यावर मी सहज विचारावं तसं विचारलं, तुमच्या गावात शिलाईवाल्यांचं घर आहे का? ती म्हणाली, "चिकूवाल्या नानी का मॅडम? आमच्या मागच्याच गल्लीत हायत की." पुढचे तीन-चार रविवार मी काही ना काही कारण काढलं. काल गेले.

चिकू आहे, अण्णा. एकच उरलाय, पण केवढा! घराच्या स्लॅबच्या वर गेलाय. दुसरा नालीच्या कामात तोडला, लिंबू वाळलं, गुलाब शेळीनं खाल्ला, असं चाचींच्या नातसुनेनं सांगितलं. चाची बाजेवर होत्या. नजर गेलीय, कान शाबूत आहेत. मी पोस्टमास्तरांची मुलगी म्हटल्याबरोबर उठून बसल्या आणि चाचपडत माझे दोन्ही हात धरले.

"तूच का गं बेटी ती?"

मला कळेना. मी विचारलं, कोणती?

"पानी घालनारी. मास्तर झाडं घिऊन आले तवा सांगितलं ना मला. म्हनले, चाची, माझं काय न्हाई ह्याच्यात, मी दिवसभर कचेरीत. लेकीनं जगवली. कालिज सोडून यायची इच्छा हुती तिची, पर परीक्षा हाय म्हनून मीच नको म्हनलो." त्यांनी माझे हात डोळ्यांना लावले. "लई दुवा दिली तुला, बेटी. रोज नमाजला तुझं नाव घेतलं. आलीस, बरं झालं."

नातसून चहा घेऊन दारात उभी होती. माझ्या क्लासमधली ती मुलगीही होती, माझ्याकडं बघत. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. एवढा प्रवास करून मी त्यासाठीच गेले असेन, असंही एकदा वाटलं.

मी म्हणाले, "हाव चाची, मीच घालत होते."

परत येताना बसमध्ये मनात हे सगळं लिहून काढलं होतं, त्यात हे शेवटचं नव्हतं. आता कागदावर आलंय तर खोडत नाही. तुम्ही असतात तरी हा कागद मी तुमच्या हाती दिला नसता.