फेब्रुवारीतले टोमॅटो

प्रिय स्टामातिस,

फोन करत नाही, कारण फोनवर तू मला हसवतोस आणि माझा राग वाया जातो. हा राग मला वाया घालवायचा नाही. म्हणून पत्र. नीट बसून वाच, आणि तुझ्या स्वयंपाक्यांना ‘आमच्या ताईचं पत्र बघा’ म्हणून दाखवत फिरू नकोस.

अथेन्समध्ये तुझ्या खानावळीच्या दारावर निळी पाटी आहे, ‘मोसमात जे, ताटात ते’. आत आईचा फोटो लावलायस, डोंगरावर वाकून रानभाजी खुडतानाचा. लोक त्या फोटोखाली बसून जेवतात आणि जाताना तुझी पाठ थोपटतात. मग फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या रविवारी आपल्या बेटावर येताना टोमॅटोची ती पेटी कुठल्या मोसमातून आणलीस रे? गिऱ्हाइकांना मोसम, आणि आईला मोटारीतून आलेलं काहीही?

मी सकाळी भाजी खुडायला गेले होते. परत आले तर उंबऱ्यातच भाताचा, पुदिन्याचा, भरल्या टोमॅटोचा वास. खरं सांगते, क्षणभर मलाही बरं वाटलं. आई तुझ्या शेजारी बसून बोटं चाटत होती. तिने तुला नावाने हाक मारली, तुझे गाल ओढले, सुकलास म्हणाली. तू रडलास. आणि मग तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून म्हणालास, “बघ ताई, तिला फक्त चांगलंचुंगलं खायला हवं होतं. तू तिला गवत घालत बसतेस.” मी खुडलेली भाजी धुवायला घेतली. दोन वर्षांत तिच्या तोंडून माझं नाव आलेलं नाही, स्टामातिस. तिच्या लेखी मी शेजारची कुणी बाई आहे, चांगल्या स्वभावाची. त्यामुळे तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं कुणास ठाऊक.

आता ऐक, तुला जे कधी विचारावंसंही वाटलं नाही ते. आईला वार कळत नाही, वर्ष कळत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर तिला चित्र वाटतं. पण तिला ताट कळतं. कोबी वाढला की म्हणते, “जाळ्या काढून झाडांखाली अंथरा, ऑलिव्ह पडायला आले असतील.” कडू भाजीवर लिंबू पिळलं की स्वतःहून लोकरीचे मोजे शोधते. हिरव्या वालाबरोबर आर्टिचोकची कोवळी बोंडं शिजली की ईस्टरच्या अंड्यांना लाल रंग आणलास का, विचारते. मी मोसमाप्रमाणे रांधते ते पाटीवर लिहायला नाही. तिला वर्षातून वाट दाखवायला माझ्या हातात तेवढंच उरलंय. सुरी तिरकी धरून मूळ जमिनीत ठेवायचं, म्हणजे भाजी पुन्हा फुटते, हे तिनेच आपल्याला शिकवलं. तू आलास आणि दुपारच्या एका जेवणात सगळं मुळासकट उपटून बोटीने निघून गेलास.

कारण भरले टोमॅटो म्हणजे ऑगस्ट. आपल्या घरी मारियामातेच्या सणाला, पंधरा ऑगस्टला, तू येणार म्हणून ते व्हायचे. तू गेलास त्याच संध्याकाळी तिने मोजे काढून फेकले. खिडक्या उघडल्या. गच्चीवर अंथरूण घालायला निघाली, मी हाताला धरून आणली. आता रोज सकाळी तो बिनबाह्यांचा फुलाफुलांचा झगा घालून बसथांब्यावर जाऊन बसते, आणि उत्तरेचा वारा असा की बकऱ्यासुद्धा भिंतीआड उभ्या. मी मागून कोट घेऊन धावते. ती मला म्हणते, “बाई गं, उकडत नाही का तुला?” बसवाला मार्कोस बिचारा खाली उतरून तिला सांगतो, “आज नाही आला, काकू. उद्या बघू.” तू येऊन गेलास हे तिच्या लक्षात नाही. ऑगस्ट आलाय आणि तू आलेला नाहीस, एवढंच लक्षात आहे.

आणि ती जेवत नाही. भाजी वाढली की ताट सरकवते. “ऑगस्टात कुणी गवत खातं का? स्टामातिस येऊ दे, मग बसू.” तुझाच शब्द, गवत, तेवढा बरोबर राहिला. पावाचा तुकडा दुधात बुडवून दिला तर कसाबसा गिळते. खोकला धरलाय. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की पोटात अन्न गेलं नाही तर औषधं काही करणार नाहीत. परवा मी बंदरावरच्या दुकानात टोमॅटोसमोर उभी राहिले. घेतले असते तर ती जेवली असती, कदाचित मलाही नावाने ओळखलं असतं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच झग्यात थांब्यावर. हात मागे घेतला आणि रस्त्यात तुला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही, कारण त्यांतल्या निम्म्या आईलाही लागतात.

म्हणून लिहिलं. माफी मागू नकोस, ती मला नको आहे, आणि पैसेही पाठवू नकोस. ये. गुरुवारच्या बोटीने ये, खानावळ बंद ठेव. जाड कोट घाल, मफलर बांध, आणि तिच्यासमोर त्या बसमधून उतर. तिला घरी आण. मग माझ्याबरोबर डोंगरावर चल, थंडीत बोटं बधिर होईपर्यंत भाजी खुड, शिजव, आणि तुझ्या हाताने तिच्या ताटात वाढून तिच्यासमोर बसून खा. माझ्या हातचं तिला पटत नाही, तुझ्या हातचं पटेल. तू आल्याशिवाय तिचा ऑगस्ट संपणार नाही, स्टामातिस, आणि बाहेर फार थंडी आहे.

संतापलेली, तरीही तुझीच,
मारूसो