सरूबाईंचा इंटरकॉम

२ फेब्रुवारी, रविवार
आलो एकदाचा हाटकेशच्या नव्या घरात! चौथा मजला, हवा झकास. सेक्रेटरी समाधानने दारातच नियमांचा कागद दिला. अँटेना नाही, डिश नाही, गॅलरीत कुंडीसुद्धा नाही. कपडे मात्र वाळत घालू देतात, म्हणून दोरीऐवजी तांब्याची तार बांधली आणि वर दोन बनियन टाकले. झाली अँटेना. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचा सेट अडगळीच्या खोलीत, ही वहीही तिथेच. सरकारचं लायसन्स असून असल्या लोकांपुढे लपाछपी करायची, काय दिवस आलेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार
ऑफिसच्या आधी अर्धा तास सेटवर बसतो. आज नागपूर लागलं, आवाज खणखणीत. खाली समाधान म्हणाला, बनियन रोज धुता वाटतं. गाढवाला काडीचा संशय नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
शेजारची म्हातारी दारात. नाव सरूबाई, एकटीच राहते. म्हणे दुपारी तिच्या इंटरकॉममधून माझा आवाज येतो, "सरूबाई, कडी काढा." सेटवरचं माझं बोलणं तिच्या इंटरकॉमच्या वायरीत शिरू शकतं, हे खरं. पण दुपारी मी ऑफिसात, सेट बंद. आणि बाईचं नाव मला आत्ता कळतंय! जेवून डुलकी लागली असेल, दुसरं काय.

१० फेब्रुवारी, सोमवार
म्हातारी समाधानकडे गेली. तो वायरी तपासायला माणूस आणणार. म्हणजे तार सापडणार, सेट जाणार, कदाचित घरही. मग मीच पुढे झालो. तिचा इंटरकॉम उघडला, वायर कापली, सांगितलं की जुना झालाय. समाधानने हात जोडले. इतका बावळट माणूस सेक्रेटरी होतो तरी कसा?

१३ फेब्रुवारी, गुरुवार
इंटरकॉम गप्प. आता बाईचं नवीन. दुपारी माझ्या घरात कोणीतरी चालतं म्हणे. भिंतीला कान लावून बसते वाटतं. हसून सोडून दिलं.
संध्याकाळी सेटला हात लावला तर गरम. सकाळी मीच चालू ठेवला असेल.

१६ फेब्रुवारी, रविवार, दुपार
सेटवर बसलो होतो. मागे खोलीचं दार लागलं. बाहेरून कडी.
घरात मी एकटा. मुख्य दार मीच आतून लावलंय. फोन हॉलमध्ये.

तास झाला. सेटवर नुसती खरखर. माईकमध्ये ओरडलो, सरूबाई, कडी काढा —
ओरडल्यावर कळलं.
ती वायर मी कापली. मीच. अतिशहाणा.

हॉलमध्ये पावलं. मला भीती वाटतेय.

बेल! सरूबाई आल्यात, हाका मारतायत. मी दार बडवतोय —

हॉलमधून उत्तर गेलं. माझ्या आवाजात, माझ्याच तोऱ्यात.
"घरी जा, सरूबाई. वय झालं तुमचं, भास होतात."
त्या बरं म्हणाल्या. गेल्या.

पावलं इकडे —
कडी काढतोय