तिच्या नावावरच्या ओळी

२० मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सगळ्या ओळी उतारावरून घसरल्यासारख्या खाली आल्या होत्या. डॉक्टरांनी डोळ्यांबद्दल काय सांगितलं, ते मात्र तीन पानांत कुठेच नाही. म्हणून हे पत्र मोठ्या अक्षरांत छापून पाठवतोय. रुसू नकोस.

यंदाच्या उन्हाळ्यातही मी मार्गदर्शक आहे. ज्यांना दिसत नाही त्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आमचा प्रोग्रॅम तुला ठाऊक आहेच. तो ओपन सोर्स आहे. त्याची प्रत्येक ओळ कुणालाही उघडून बघता येते, सुधारता येते आणि कोणती ओळ कुणाची, याची नोंद कायम राहते. उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याला बारा आठवड्यांचं काम मिळतं. निम्म्यावर एकदा आणि शेवटी एकदा, तो उत्तीर्ण की नाही हे मार्गदर्शकानं सांगायचं. यंदा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आहे. कोष्टकं वाचण्याचा भाग तिच्याकडे. सध्या प्रोग्रॅम कोष्टक सलग वाचत सुटतो, कुठला आकडा कुठल्या रकान्यातला ते कळत नाही.

गेल्या वर्षीचा मुलगा आठवतोय ना? त्याच्या कामाबद्दल मी सगळ्यांसमोर जे लिहिलं, त्यानंतर तो परत फिरकलाच नाही. यंदा तसं होऊ द्यायचं नाही.

माया आहे तशीच ठेव आणि डॉक्टरांचं लिही.

तुझा
घुम्या


२ जून

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

डॉक्टर म्हणाले, नजरेच्या मधोमध डाग आहे, कडेकडेनं दिसत राहील. छापखान्यात चाळीस वर्षं या डोळ्यांनी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. आता ते राजीनामा देतात म्हटल्यावर मी कोण अडवणार?

चार बाटल्या दिल्यात थेंबांच्या आणि एक भलंमोठं कोष्टक. कोणती बाटली, कोणत्या वारी, सकाळी की संध्याकाळी. शेजारीण वाचून दाखवते. बाई चांगली आहे, पण रोज तिला हाक मारायची म्हणजे माझ्या जिवावर येतं. आयुष्यभर मी लोकांना वाचून दाखवलं रे. तेव्हा तुझ्या त्या मुलीला सांग, लवकर आटप, एक म्हातारी वाट बघतेय.

आणि एक. ती प्रश्न विचारते का? विचारत नसेल, तर काळजी कर.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. तुला उरले तर.

आत्या


८ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

नाही विचारत. काहीही सांगितलं की एवढंच लिहिते, की हो सर, करते. मग चार दिवस सामसूम.

गेल्या आठवड्यात निम्म्यावरची परीक्षा होती आणि तिनं लिहिलेला भाग कोष्टकातल्या रकान्यांचे मथळेच चुकीचे वाचत होता. खरं लिहावं तर ती अनुत्तीर्ण. मला सारखा तो गेल्या वर्षीचा मुलगा दिसत राहिला. शेवटी दोनशे ओळी मीच लिहिल्या, तिच्या नावानं नोंदवल्या आणि उत्तीर्ण असा शेरा दिला. तिनं एका ओळीत आभार मानले. कुणाचं नुकसान झालं नाही. तरी तुला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

रागावलीस तरी परकं करू नकोस.

घुम्या


१५ जुलै

चि. घुम्यास,
अ. आ.

तू दया केलीस असं तुला वाटतंय. ही चोरी आहे. तिला जिथं जमत नव्हतं, ती जागा तू चोरलीस. माणूस शिकतो ते तिथंच, दुसरीकडे कुठं नाही.

मी अठरा वर्षांची, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला बसले, तेव्हा आमचे फोरमन माझ्या चुका गुपचूप दुरुस्त करायचे. मला वाटायचं, हात बसला. ते आजारी पडले आणि मी एकटीनं निधनाची बातमी जुळवली. गेलेल्याच्या जागी त्याच्या हयात भावाचं नाव छापून गेलं. तो भाऊ अंक घेऊन छापखान्यात आला. आपल्या नावावर बोट ठेवून उभा राहिला. फोरमनच्या मायेची फळं ती.

छापखान्याच्या दारात उभं राहून मी मालकांना खडे बोल सुनावलेत. तुला सुनावताना कचरेन असं समजू नकोस. गेल्या वर्षी तू कठोर झालास, यंदा मऊ. दोन्ही वेळा त्या पोरांशी बोललास कधी? घुम्या हे नाव मी लाडानं ठेवलं होतं. तू ते खरं करून दाखवतोयस.

तिला सांग. नोंदीतही लिही. मग मला पत्र घाल.

आत्या


२९ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी तिला फोन केला. पहिल्यांदाच. तिला आधीच माहीत होतं. नोंद कुणालाही बघता येते, हे मीच तिला शिकवलं होतं. तिला वाटलं, तुझ्याच्यानं होणार नाही, बाजूला हो, हे सांगायची माझी ही पद्धत असावी. नऊ दिवस तिनं काम उघडलंसुद्धा नव्हतं.

मी माफी मागितली. म्हटलं, नोंदीत खरं लिहिलं तर तुझा उन्हाळा जाऊ शकतो. ती म्हणाली, लिहा सर, आणि तुमच्या ओळी काढून टाका, मी पहिल्यापासून करते.

तेव्हापासून रोज दहा-दहा प्रश्न. त्यातच तिला सापडलं, की जिथं कोष्टकातली दोन घरं जोडून एक केलेलं असतं, तिथं माझ्या ओळी सकाळचा मथळा संध्याकाळला लावत होत्या. मला कधी दिसलं नव्हतं. तिच्या ओळींनाही ते घर वाचता येत नाही, पण त्या तिथं थांबतात आणि तसं सांगतात. अहवालात तिनं स्वतःच लिहिलं, काम अपूर्ण.

मी नोंदीत खरं लिहिल्यावर उन्हाळी उपक्रमाच्या आयोजकांनी निम्म्यावरचा शेरा रद्द केला. ती या उन्हाळ्यात उत्तीर्ण नाही. मला यापुढे मार्गदर्शक होता येणार नाही. माझं ठीक, पण तिचं मनाला लागून राहिलंय. हे कळवायला फोन केला, तर म्हणाली, आता तिथल्या सगळ्या ओळी माझ्या आहेत ना? दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे प्रश्न आले, नेहमीसारखे.

तुझ्या कॉम्प्युटरवर नवा प्रोग्रॅम बसवायला माणूस पाठवतोय.

घुम्या


१२ सप्टेंबर

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

शेजारणीच्या मुलीनं थेंबांचं कोष्टक कॉम्प्युटरवर घातलं. काल एकटीनं ऐकलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, बाटली, वेळ, सगळं स्वच्छ. गुरुवारी यंत्र थांबलं. म्हणालं, हे घर मला नीट वाचता येत नाही, कुणाला तरी विचारा.

मी पुन्हा लावलं, पुन्हा तिथंच थांबलं. मग खिडकीशी जाऊन शेजारणीला हाक मारली. तिनं ते जोडलेलं घर वाचलं. लाल झाकणाची बाटली गुरुवारपासून सकाळी बंद, फक्त संध्याकाळी. तुझ्या ओळी असत्या तर मी उलटं घातलं असतं, आणि मला कधी कळलंही नसतं.

उत्तीर्ण नाही म्हणे. असो.

तिचा पत्ता पाठव. मला तिला पत्र लिहायचंय. माझ्या ओळी घसरतील, शब्द एकमेकांवर चढतील. तू त्या सरळ करून देऊ नकोस.

तुझ्यावरचा जीव होता तिथंच आहे.

आत्या