एकादशीचा भात

अहो,

आज एकादशी, आणि मी सकाळी पोटभर डाळभात जेवले. आक्का दोन वर्षांपूर्वी तिकडे आल्याच आहेत. त्यांनी तुमचे कान भरण्याआधी मीच सांगितलेलं बरं, म्हणून हे पत्र. डाव्या हाताला पट्टी आहे, उजवा मोकळा आहे, आणि डॉक्टरांनी आज बादली उचलायलासुद्धा मनाई केली आहे. मग करू काय? तुमच्याशी बोलते.

घाबरू नका, पडले-झडले नाही. रक्त देऊन आले.

दचकलात ना! मला ठाऊक होतं. मीही सकाळपर्यंत कुठे ठरवलं होतं?

तुमच्या पोटातला व्रण फुटला, तो दिवस आठवतो? गोदीतल्या ऑफिसातून तुम्हाला थेट हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्त चढवावं लागेल, घरचं कोण आहे? मी पदर खोचून पुढे झाले. तुमच्या थोरल्या बहिणीला ते कसं रुचावं! आक्का म्हणाल्या, "बायकांचं रक्त कुठे घेतात का?" डॉक्टर हिंदीत म्हणाले, "का हो, बायकांचं लाल नसतं?"

माझं रक्त तुमच्याशी जुळलं. मला केवढा आनंद झाला! मग त्यांनी बोटाला टोचून एक थेंब काचेच्या नळीतल्या निळ्या पाण्यात सोडला. रक्त चांगलं असलं की थेंब तळाला जातो. माझा थोडा उतरला, मध्येच लटकला आणि वर आला.

"जेवलात कधी?"

मी अभिमानानं म्हटलं, "काल सकाळी. यांच्यासाठी उपास धरलेत. सोमवार, गुरुवार, शनिवार."

"हे काही कालचं नाही," ते म्हणाले, "वर्षानुवर्षांचं आहे. घरात सगळ्यांच्या शेवटी जेवता ना? उरेल ते?"

तुमच्यासाठी उपाशी राहिले, म्हणूनच तुमच्या उपयोगी पडले नाही. सहा वर्षं ही गोष्ट माझ्या घशात अडकून आहे. तुम्हाला मी हे कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते.

मग कुणा परक्याच्या रक्ताची बाटली मिळाली. वर आकडा होता, नाव नव्हतं. हमाल की प्रोफेसर, हिंदू की मुसलमान, देव जाणे. आक्कांनी विचारलंच, "कुणाचं आहे ते?" तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "आता माझं आहे."

त्या बाटलीनं मला तुमचे अकरा दिवस दिले. आपल्या अठरा वर्षांच्या संसारात तसे दिवस आले नव्हते. मला वाचता येतं, हे तुम्हाला तेव्हाच कळलं, नाही का? मी पोथीवरून अक्षरं जुळवत शिकले होते. पुण्याहून टपालानं येणारे तुमचे मासिकांचे अंक, तुम्ही ऑफिसला गेलात की मीच आधी वाचून घडी घालून ठेवायची. हॉस्पिटलात तुम्हाला चष्मा सोसेना, तेव्हा मी अंक उघडून सरळ वाचायलाच लागले. तुम्ही बघतच राहिलात.

"इतकी वर्षं लपवलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

रागावू नका, पण "जेवलीस का?" हेसुद्धा तुम्ही त्याआधी कधी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी तुमच्यासमोर माझी तक्रार केल्यावर मात्र रोज डबा उघडला की तुमचं सुरू, "आधी तू चार घास खा, मग वाच." परक्या वॉर्डात, नवऱ्याच्या आधी, त्याच्यासमोर बसून जेवायचं! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी जेवायची, कारण तुम्ही मोजून बघत होतात. बाराव्या दिवशी पुन्हा रक्त वाहिलं आणि तुम्ही गेलात.

पण तुमचं ते सांगणं मी पाळलं हं. रोज वेळेवर, ताजं जेवते. फक्त एकादशी तुमच्या नावानं ठेवली, तीही खालच्या मजल्यावरच्या बंगाली मासीमांसारखी, निर्जळी. इथल्या विधवा त्या दिवशी पाण्याचा थेंबही घेत नाहीत. मासीमांनीच मला ते शिकवलं.

आज सकाळी त्याच मासीमा जिना चढून आल्या, मागे त्यांचा मुलगा निताई. त्याची बायको लाबण्य बाळंत झाली, मुलगी झाली, पण रक्त थांबेना. हॉस्पिटलात तिच्या गटाच्या रक्ताची एकच बाटली होती, आणखी एक हवी. निताईचं जुळत नव्हतं. तो दारोदार विचारत होता. मी ट्रंकेतून तुमच्या वेळची, माझ्या रक्ताचा गट लिहिलेली चिठ्ठी काढली. त्यानं वाचली आणि आईकडे वळून ओरडला, "माँ, हेच! हेच हवंय!"

मी चपला घातल्या आणि थबकले. कालपासून पोटात काही नव्हतं. डॉक्टर पुन्हा विचारणार, जेवलात कधी? पुन्हा तेच? निर्जळी सोडून निदान साबुदाणा खावा, तर तो भिजवायलासुद्धा वेळ नव्हता. आणि तुमच्या नावाची एकादशी, ती मोडायची कशी?

मासीमांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. तशाच खाली गेल्या आणि मुलासाठी शिजवलेला भात, मुगाची डाळ घालून, थाळीत घेऊन आल्या. एकादशीला भाताचं शीतही तोंडात न घालणारी ती बाई!

"खा, माँ." इथे लेकीलाही माँच म्हणतात.

"मासीमा, पाप लागलं तर?"

"माझ्या माथी घाल. वर गेल्यावर तुझ्या नवऱ्याशी मी भांडेन."

"मग तुम्हीही घ्या चार घास."

"माझं रक्त म्हातारं झालंय, ते कोण घेतंय! माझा उपास राहू दे. तू खा."

आणि पहिला घास त्यांनीच माझ्या तोंडात घातला.

हॉस्पिटलात वय विचारलं, कावीळ, मलेरिया विचारला. मग बोटाला टोचलं. थेंब निळ्या पाण्यात पडला आणि अहो, खडा टाकावा तसा तळाला गेला! मी इतक्या मोठ्यानं हसले की नर्स घाबरली. लोखंडी खाटेवर निजवलं, दंडाला पट्टा आवळला, मुठीत लाकडाचा दांडका दिला. सुई दाभणाएवढी, खोटं कशाला सांगू? एकदा कळ आली, मग काही नाही. मूठ उघडायची, मिटायची. खाली बाटली भरत होती आणि नर्स ती हलकेच हलवत होती. पाव तासही लागला नाही. नंतर गोड चहा दिला आणि लगेच उठू नका म्हणाली. मी ऐकलं नाही, जरा भोवळ आली, बोलणी खाल्ली.

दुपारी निताई सांगून गेला, लाबण्यनं डोळे उघडले, मुलीला बघायला मागितलं. मासीमा अजून पाणी प्यायल्या नाहीत. खाली बसून नातीसाठी जुन्या साड्यांची दुपटी शिवताहेत.

त्या बिननावाच्या माणसाला मी कधी भेटणार नाही. त्याचे आभार कुठे मानू? आज ते थोडे पोचले असतील, असं वाटतं.

डॉक्टर म्हणाले, चार महिन्यांनी पुन्हा देता येईल. मी जाणार. तुमच्या नावाची एकादशीही पाळणार, पण कुणाचं बोलावणं आलं तर त्याच घटकेला भात वाढून घेईन. जोवर माझा थेंब तळाला जातोय तोवर हे चालेल, हा शब्द तुम्हाला. आक्का काही बोलल्या तर सांगा, मासीमा येतील तेव्हा त्यांच्याशीच भांडा.

तुमची,
आधी जेवून मग लिहायला बसलेली,
इंदू