स्फिंक्सच्या चित्राखालची ओळ

बाबा, तुमची वाळूत पुरलेली बाई आज भेटली. इथे परदेशात, श्रूजबरीत, मी ज्या डॉक्टरकाकांकडे पोळ्या करायला जाते, त्यांनी ती जिन्यापाशी नवीनच टांगलीय. तेच बाईचं तोंड, कुरळे केस, शाबूत नाक, मागे देवळाच्या कळसासारखे निमुळते पिरॅमिड. काका म्हणाले, "हा इजिप्तचा स्फिंक्स. तीनशे वर्षांपूर्वी युरोपात कुणीतरी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलाय. खरं तर नाक कधीच तुटलंय." मी म्हटलं, "नाकाचं राहू द्या, तुमची फ्रेम तिरकी बसलीय." ते हसत सुटले. त्यांना काय माहीत, मी फ्रेमवाल्याची पोर.

तुम्ही ह्याच चित्राचा कागद रद्दीतल्या फाटक्या पुस्तकातून काढला होतात. नागपूरचा उन्हाळा, दुकानात पंखा गरगरतोय, कागद उडू नये म्हणून तुम्ही वर पट्टी ठेवलीय आणि गिऱ्हाइकाला ऐटीत सांगताय, "खाली इंग्रजीत काय लिहिलंय ते माझी पोरगी उद्या वाचून दाखवेल. शिकते ती." गिऱ्हाईकही म्हणालं, मग मी उद्या येतोच. सहावीत होते मी. दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवायला घरी गेलात, तेवढ्यात मी पातं घेतलं, खालची कड ओळीसकट कापली आणि शेजारच्या चहावाल्याच्या चुलीत घातली. तुम्ही आलात तर म्हटलं, "काच लहान पडली." तुम्ही मारलं नाहीत. मारलं असतंत तर बरं झालं असतं. एवढंच म्हणालात, "कड कापायची नसते गं. कुणी केलं, कुठून केलं, सगळं तिथंच असतं." पुढच्या वर्षी मी शाळा सोडली, तेव्हाही तुम्ही मारलं नाहीत. तुमच्या शेवटच्या आजारात मी इथून आले होते, तेव्हा भिंतीवरच्या त्या चित्राकडे बघून विचारलंत, "काय लिहिलं असेल गं त्यात?" मी खेकसले, "काही नव्हतं. पडा आता गुपचूप."

आज काकांच्या नातीला इथल्या चित्राखालची ती ओळ वाचायला लावली. तिने वाकून बघितलं आणि म्हणाली, "मावशी, धिस इज फ्रेंच! आय टेक फ्रेंच." मग शाळेत शिकलेल्या फ्रेंचने अडखळत अर्थ लावला: एका प्रवाशाने सांगितलं त्यावरून. म्हणजे कोरणाऱ्याने ती बाई पाहिलीच नव्हती, बाबा. आणि ते इंग्रजी नव्हतंच. तुम्हाला, मला, त्या गिऱ्हाइकाला, कुणालाच वाचता आलं नसतं. मी नुसतं "येत नाही" म्हटलं असतं, तर तुम्ही हसून अख्खा कागद काचेत घातला असतात.

तव्यावरची पोळी करपली. काका म्हणाले, "आज लक्ष कुठंय तुमचं?" मी म्हटलं, "पीठ खराब आहे." बघा, अजून तशीच आहे मी.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? घडी करून मसाल्याच्या डब्याखाली ठेवतेय. काच बरोबर होती, बाबा. माप मीच घेतलं होतं.