चादरीचं चौथं टोक

चि. विसरभोळीस,

तुझ्या आत्याआजीचे आशीर्वाद. (आत्याआजी म्हणजे तुझ्या आजोबांची धाकटी बहीण, लग्न न केलेली, लाँड्रीवाली. ओळख करून दिलेली बरी. दोन वर्षांत तुझ्या डोक्यातून निसटले असेन.) तुझी तब्येत कशी आहे? खोकला गेला का? चष्मा सापडला का? नसेल तर आधी डोक्यावर चाचपून बघ. मी ठणठणीत आहे. गुडघे तेवढे स्वतंत्र झालेत, माझं ऐकत नाहीत. हे पत्र शेजारचे शिंपीदादा लिहून घेताहेत. माणूस भला आहे, पण माझं वाक्य लांबलं की कापड वाया जातंय अशा नजरेने बघतात.

तर सांगायचं हे, की मी ट्रस्ट केला. हसू नकोस. नवरा नाही, मूल नाही, अशा बाईने घराचं काय ते हयातीतच ठरवून टाकावं, असं वकीलबाई म्हणाल्या. (त्यांच्या कॉलरी वीस वर्षं मी कडक करते आहे, तेव्हा माझ्याशी वाकडं बोलणार नाहीत.) इच्छापत्र म्हणे माणूस गेल्यावर बोलायला लागतं, हा ट्रस्ट आत्तापासूनच बोलतो. सगळं त्याच्या नावावर करायचं आणि वापरायचं मात्र आपणच. देणारी मी, सांभाळणारी मी, आणि जिच्यासाठी सांभाळायचं तीही मीच. म्हटलं, अहो बाई, एवढ्याशा घरात आम्ही तिघी मावणार कुठे? माझ्यामागे धुण्याची खोली गल्लीतल्या बायकांसाठी उघडी राहील, असंही त्यात घातलं. मग अंगठा उठवला. असा सुबक उठला की वकीलबाईंची सही त्याच्याशेजारी खरडल्यासारखी दिसत होती.

निघताना त्या म्हणाल्या, आता एकेक करून सगळं ट्रस्टच्या नावावर करून घ्या. आता तुला ठाऊकच आहे (विसरली असशील), मला अक्षर येत नाही. साठ वर्षं लाँड्री चालवली ती धाग्यांवर. डॉक्टरांचा लाल उभा टाका, शाळेतल्या बाईंची पिवळी फुली. कॉलरच्या आत टाका पडला की कपडा त्याचा, पुढे वाद नाही. तेव्हा ट्रस्टलाही मी खूण दिली: निळा धागा, दोन आडवे, एक उभा. अकरा दिवस सुई घेऊन घरभर फिरत होते. पडदे झाले, गाद्या झाल्या, किटलीखालचं फडकं झालं. जिथे सुई शिरेना तिथे धागा बांधला: खुर्चीचा पाय, इस्त्रीची मूठ, मोरीतला नळ. शेवटी घर उरलं. घराला टाका कुठे घालणार? दाराच्या कडीला निळा गोंडा बांधला.

त्या अकरा दिवसांचं काय सांगू तुला! टाका पडला की वस्तू जराशी हलकी व्हायची, जमिनीपासून बोटभर वर उचलल्यासारखी. दुपारी ऊन पडद्यातून गाळून यायचं, वाफ अजून छताशी रेंगाळत असायची, आणि मी माझ्याच घरात पाहुणीसारखी हळूहळू पावलं टाकायचे. बसण्याआधी खुर्चीला विचारून घ्यायचे. वाटायचं, सगळं देऊन झालं आणि तरी सगळं इथेच आहे, हे किती छान! एकाच वस्तूला टाका घातला नाही. दाराआड तुझी छत्री आहे, दोन वर्षांपूर्वी विसरलेली. ती माझी नाही, मग ट्रस्टला कशी देणार? घरात परकी अशी तेवढी एकच.

मग वकीलबाई बघायला आल्या. नळाचा धागा बघितला, गोंडा बघितला, चष्मा काढला आणि टेबल धरून हसल्या. घराचा कागद कचेरीत अजून माझ्याच नावावर होता! म्हणजे इतके दिवस माझा ट्रस्ट धुतलेल्या टोपलीसारखा रिकामा, आणि मी मोठ्या डौलात त्याच्या गादीवर झोपत होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला गाडीत घालून नेलं आणि कागद बदलून आणला. (गोंडा मात्र राहू द्या, म्हणाल्या.)

पण ट्रस्टच्या कागदावर एक जागा कोरी होती. माझ्याच्याने सांभाळणं होईनासं झालं तर माझ्या जागी कोण? मी म्हटलं, विचार करून सांगते. घरी येऊन इस्त्रीच्या टेबलाशी बसले, तर डोळा लागला. स्वप्नात ही एवढी चादर, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आम्ही तिघी तिची घडी घालतोय. देणारीने एक टोक धरलंय, सांभाळणारीने दुसरं, तिसरं त्या तिसरीने. चौथं वाऱ्यावर. कधी वर जातंय, कधी चिखलाला टेकतंय. तिघी एकमेकींवर ओरडतोय, अगं धर ना, पण हातातलं सोडणार कोण? तेवढ्यात दारातून कुणीतरी आलं. चेहरा दिसला नाही. छत्री शोधत होतं. मला जाग आली.

तिघींची मिळून एक,
आत्याआजी

ता. क. यात काही गळ घालते आहे असं समजू नकोस. मजेत विचार कर, महिना दोन महिने लागले तरी चालतील.

ता. क. दुसरा. तुझं नाव मी घालून टाकलंय. तुझी सही तेवढी राहिली. मी आहे तोवर ते बदलता येतं म्हणे, तेव्हा फार फुगू नकोस.

ता. क. तिसरा (हा लिहायला शिंपीदादा तयार नव्हते, दम द्यावा लागला). गेल्या महिन्यात मी त्यांना त्यांच्या शर्टाऐवजी डॉक्टरांचा शर्ट दिला. साठ वर्षांत पहिल्यांदा. लाल टाका डोळ्यांना दिसत होता, तो कुणाचा ते आठवेना. या माणसाने चार दिवस बाह्या दुमडून निमूट घातला, मला कळू नये म्हणून. तेव्हा वर महिना दोन महिने म्हटलंय ते खोड. शिंपीदादा खोडत नाहीत, त्यांना खाडाखोड आवडत नाही. तू वाचताना खोड.

ता. क. शेवटचा. खायला काही पाठवशील तर तुझ्या हातचं भोपळ्याचं सूप पाठव, आणि गरमच पाठव. पार्सलवाल्याला विचारून ठेवलंय, तो गरम सूप घेत नाही. झाकण घट्ट लाव, मीठ कमी घाल, आणि डबा वाटेत कुठे विसरू नकोस.